समुपदेशक घडतात कुठे?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने परवा तिची फाईल दाखवली. मानसशास्त्रात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फाईलमध्ये अकरा प्रमाणपत्रे, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पाकिटात. कुठे दोन दिवसांची कार्यशाळा, कुठे चित्रोपचाराची तोंडओळख, तीन-चार घरबसल्या ऐकलेली व्याख्याने. एक इंटर्नशिपचे होते. तिथे काम केल्याबद्दल तिला काही मिळाले नव्हते, उलट तिनेच पाच हजार रुपये भरले होते. वडील सहकारी बँकेत आहेत, हिशेबाचा माणूस. ते म्हणाले, "एवढं सगळं झालं, आता हिला काम येतं का, तेवढं सांगा." उत्तर मुलीनेच दिले, "नाही येत, बाबा."

हा प्रामाणिकपणा मला आवडला, आणि त्याने थोडी काळजीही वाटली. कारण अशा मुलींची गरज अचानक वाढली आहे. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा २०२३ साली मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याला मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असावे, ही त्यातली एक. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्या यादीत सर्वांत वर महाराष्ट्र होता. तेव्हा आदेश योग्यच. पण आदेशाने जागा निर्माण होतात, त्या जागेवर बसणारी माणसे आदेशाने तयार होत नाहीत.

आपल्याकडे या व्यवसायाला दोन दारे आहेत. एकावर कडक पहारा आहे, दुसरे बराच काळ सताड उघडे होते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीच व्याख्या धरली आहे. वर्षानुवर्षे यासाठीची वाट म्हणजे एम. ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल., रुग्णालयात आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. ही पदवीच मोडीत निघाली. मग जाग आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयात ती २०२५-२६ या वर्षापर्यंत चालू ठेवायला मुभा दिली. मधल्या काळात ज्यांनी पुढची आखणी केली होती, त्या मुलांची किती तारांबळ झाली असेल!

दुसरे दार ‘समुपदेशक’ या नावाचे. ही पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नसे. २०२१च्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत घेतले. त्याच कायद्याचा आधार घेऊन आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे पत्राद्वारे आणि ऑनलाईन शिक्षण बंद केले. तत्त्वतः मी या निर्णयाच्या बाजूने आहे; पोस्टाने आलेल्या पुस्तकावरून माणसाशी बोलता येत नाही. पण मुले मोठी झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीत, तालुक्याच्या गावी बसून ज्या बायकांनी एम. ए. केले असते, त्यांचे दार यात बंद झाले. त्यांच्यासाठी पर्याय काय, हे कुणी सांगितलेले नाही.

बरे, महाविद्यालयात प्रत्यक्ष जाणाऱ्यांना तरी काय मिळते? प्रात्यक्षिके असतात. आरशात पाहून चांदणी गिरवणे, दोन रेघांतली कोणती लांब वाटते ते पाहणे, बुद्धिमापनाच्या कसोट्या. यात हसण्यासारखे काही नाही. बिने-कामत कसोटी ही तर आपल्या अभिमानाची गोष्ट. वि. वि. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, तीही स्वातंत्र्यापूर्वी. मोजमापाची शिस्त या प्रात्यक्षिकांतून लागतेच. पण समोर बसलेली बाई रडायला लागली तर काय करायचे, हे चांदणी गिरवून कळत नाही.

शब्दाचीच गंमत पाहा. ‘समुपदेशन’ या आपल्या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसला आहे. आणि तो नुसता शब्दात राहत नाही, खुर्चीत बसल्याबरोबर तोंडातूनही येऊ लागतो.

ही मुलगी गेल्या जूनपासून एका व्यसनमुक्ती केंद्रात जाते. तिथल्या एक ज्येष्ठ समाजसेविका, सगळ्यांच्याच ताई, यांनी तिला पहिले तीन महिने एकही केस दिली नाही. बसायचे, ऐकायचे, आणि घरी जाऊन संवाद आठवेल तसा, शब्दाला शब्द, वहीत लिहायचा. नाव-गाव लिहायचे नाही. शनिवारी ताई ती वही वाचणार. पुढे मुलगी स्वतः बोलू लागली, तेव्हा तिच्या लिखाणात ताईंनी लाल पेनाने एकच गोष्ट खोडली: सल्ला. पहिल्या वहीत जवळजवळ सगळे पान लाल झाले होते, असे ती सांगते.

एका माणसाची बायको आली होती. मुलीने पुस्तकाप्रमाणे विचारले, "तुम्हाला या सगळ्याबद्दल कसं वाटतं?" बाई म्हणाली, "माझं काय, ह्यांचं बघा." संवाद संपला. ताईंनी खुर्ची जरा पुढे ओढून विचारले, "रात्री झोप लागते का गं? जेवण जातं का?" बाई अर्धा तास बोलत होती. जीव घाबरा होतो, डोके भणभणते, कशात मन लागत नाही. पुस्तकातली सगळी लक्षणे त्यात होती. ती इंग्रजीत नव्हती, इतकेच. मुलीचे शिक्षण इंग्रजीत झालेले. तिला आजारांची नावे येत होती, आजाऱ्याची भाषा येत नव्हती.

सर्वांत अवघड प्रश्न तर मराठीत विचारायचा धीरच तिला होत नव्हता. "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, घराघरांत आणि शाळांतही. संशोधनाने ती खोटी ठरवली आहे. विचारल्यावर माणसाला बहुधा सुटल्यासारखेच वाटते. ताईंनी तिला तो प्रश्न रिकाम्या खोलीत, मोठ्याने, वीसेक वेळा म्हणायला लावला. उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय, तेही घोकून घेतले: एकटे सोडायचे नाही, घरच्या एका माणसाला सांगावे लागेल हे त्यालाच सांगायचे, मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवायचे. आणि रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसले तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक. गुप्तता पाळायची, आणि ती कुठे मोडायची हेही शिकायचे. अकरा प्रमाणपत्रांत हे एकदाही आले नव्हते.

अशा ताई किती आहेत, आणि त्यांच्या शनिवारचे पैसे कोण देते? कुणीच देत नाही. वकिलीत ज्युनिअर असतो, डॉक्टरकीत हाउसमन असतो. सिनिअरने धाकट्याला शिकवायचे, ही तिथली रीतच आहे. समुपदेशनात ही रीत रुजलेली नाही, म्हणून कार्यशाळांचा बाजार भरला. मुलांना दोष देता येत नाही. त्यांना कौशल्य हवे असते आणि विकत मिळतो तो कागद. पालकांनी फी आणि पगार विचारावा, जरूर विचारावा. पण प्रवेश घेण्यापूर्वी एवढेही विचारावे: माझ्या मुलीने घेतलेल्या मुलाखती कोण तपासणार, आणि आठवड्यातून किती तास? या प्रश्नाला नीट उत्तर देणारे महाविद्यालय गावात एखादेच असेल. निदान ते कोणते, हे तरी कळेल.

गेल्या आठवड्यात जवळच्या एका शाळेने तिला बोलावले होते. आठवड्यातून दोन दिवस, मानधन बेताचे, कुणी शिक्षक रजेवर असेल तर त्या तासालाही जायचे. तिने मुख्याध्यापकांना विचारले, "सर, दार बंद करून बसता येईल अशी खोली आहे का?" ते म्हणाले, "ग्रंथालयात कोपऱ्यात टेबल टाकून देऊ की." वडिलांना वाटते, पहिली नोकरी आहे, घ्यावी. मुलगी अजून हो म्हणालेली नाही. शनिवारी ताईंना विचारणार आहे.