करदात्याचे संशोधन, प्रकाशकाचे कुलूप

इबोलाची साथ मार्च २०१४ अखेर लायबेरियात शिरली, तेव्हा हा रोग आपल्या भूमीला सर्वस्वी नवा आहे अशीच तेथील आरोग्य खात्याची समजूत होती. ती चुकीची होती. लायबेरियातील लोकांच्या रक्तात इबोलाची प्रतिद्रव्ये आढळतात. सबब हा देश त्या रोगाच्या टापूत मोडतो असे धरून तेथील रुग्णालयांनी सावध असावे, असा इशारा युरोपीय संशोधकांनी १९८२ सालीच एका विषाणुशास्त्रीय नियतकालिकात देऊन ठेवला होता. लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान व त्यांचे दोन सहकारी यांनी एप्रिल २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून ही गोष्ट जगापुढे मांडली. त्यात एक तपशील असा होता की, तो जुना शोधनिबंध संगणकावर उतरवून घेण्यास ४५ डॉलर पडत आणि लायबेरियातील डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार त्यात जात असे. त्या साथीत एकट्या लायबेरियात सुमारे ४,८०० माणसे मरण पावली.

तो निबंध विनामूल्य मिळाला असता तर साथ टळली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मोडकळीस आलेली रुग्णालये, वर्षानुवर्षांच्या यादवीने खिळखिळी झालेली प्रशासनयंत्रणा आणि डॉक्टरांचा दुष्काळ या गोष्टी केवळ माहितीने दूर होत नाहीत. परंतु ज्या देशातील माणसांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते ज्ञान मिळविले गेले, त्याच देशाला ते विकत घ्यावे लागावे आणि विकत घेण्याजोगे असे काही आहे याचा तेथे कोणाला पत्ताही नसावा, हा प्रकार साधा नव्हे. वैद्यकीय ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आणि ज्या संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून झालेला असतो, त्याच्या बाबतीत तर तो अधिकच टोकदार होतो.

या व्यवहाराचे स्वरूप बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल असे आहे. सरकारी अनुदानावर संशोधक प्रयोग करतो, निष्कर्ष लिहून काढतो आणि ते लेखन नियतकालिकाकडे पाठवितो. त्याबद्दल त्याला छदामही मिळत नाही. उलट लेखनावरील हक्क त्याला बहुधा प्रकाशकाच्या नावे करून द्यावा लागतो. लेख छापण्याजोगा आहे की नाही याची पारख दुसरे संशोधक करतात, तीही बहुतेक विनामोबदला. त्यांचा पगारही पुष्कळदा सरकारीच असतो. मग तेच नियतकालिक सरकारी महाविद्यालयांचे ग्रंथालय भरमसाट वर्गणी देऊन विकत घेते. म्हणजे करदाता प्रयोगासाठी एकदा, परीक्षणासाठी दुसऱ्यांदा आणि वाचनासाठी तिसऱ्यांदा पैसे मोजतो आणि एवढे करून स्वतः वाचावयास गेला, तर दारावर कुलूप असते. ‘एल्सेव्हिअर’ या कंपनीचा व्यवसाय ज्या विभागात मोडतो, त्याचा नफा गेली काही वर्षे शंभर रुपयांच्या विक्रीमागे ३७-३८ रुपयांच्या घरात आहे. कच्चा माल फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले, असा धंदा इतरत्र क्वचितच आढळेल.

हे कुलूप काढण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ ही संस्था आरोग्य संशोधनाला पैसा पुरविणारी जगातील सर्वांत मोठी सरकारी यंत्रणा. अलीकडे तिचा वार्षिक अर्थसंकल्प ४७ अब्ज डॉलरच्या आसपास राहिला आहे. तिचे तेव्हाचे संचालक व नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९९९ साली असे सुचविले की, जीवशास्त्र व वैद्यक या विषयांतील सारे शोधनिबंध एका सार्वजनिक भांडारात सर्वांना खुले करावेत. प्रकाशकांनी गिल्ला केला आणि मूळ योजनेला बरीच कात्री लागली. तरीही २००० साली ‘पबमेड सेंट्रल’ हे भांडार सुरू झाले. २००५ साली संस्थेने आपल्या अनुदानावर झालेल्या संशोधनाचे निबंध त्यात ठेवावेत अशी संशोधकांना विनंती केली. विनंतीला मान देणारे शंभरात पाचसुद्धा निघाले नाहीत! संशोधक आळशी होते असे नव्हे. परंतु प्रकाशकाची नाराजी ओढवून घेण्याची आणि वर एक कागद जास्त भरण्याची हौस कोणाला असणार? अखेर अमेरिकन काँग्रेसने अर्थसंकल्पी कायद्यातच कलम घातले आणि एप्रिल २००८ पासून विनंतीची सक्ती झाली. छापून आल्यावर बारा महिन्यांच्या आत निबंध सर्वांना खुला झाला पाहिजे, असा दंडक ठरला.

सक्ती केली म्हणजे काम होते असेही नाही. पुढील चार-पाच वर्षे बरेच निबंध भांडाराबाहेरच राहिले. मग २०१३ पासून संस्थेने, ज्याचे निबंध भांडारात नाहीत त्याच्या अनुदानाचा पुढील हप्ता रोखून धरण्यास प्रारंभ केला. त्यानंतर निबंध भराभर येऊ लागले.

प्रकाशक स्वस्थ बसले नव्हते. सरकारी खात्यांना असा दंडक घालताच येऊ नये, यासाठी डिसेंबर २०११ मध्ये एक विधेयक काँग्रेसमध्ये आणले गेले. एल्सेव्हिअरने त्याला पाठिंबा दिला होता. परंतु टिमथी गॉवर्स या ब्रिटिश गणितज्ञाच्या पुढाकाराने हजारो संशोधकांनी त्या कंपनीवर बहिष्कार पुकारला, तेव्हा तिने दोन महिन्यांतच पाठिंबा काढून घेतला आणि विधेयक बारगळले. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान कार्यालयाने बारा महिन्यांची सवलतही रद्द करण्याचा आदेश दिला आणि १ जुलै २०२५ पासून या संस्थेच्या पैशाने झालेला निबंध प्रसिद्ध होताक्षणीच खुला करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी त्याच संस्थेची शेकडो संशोधन-अनुदाने सरकारने मध्येच तोडली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. विहिरीवरचे झाकण काढावयाचे आणि झरे बुजवावयाचे, असा हा कारभार झाला.

प्रकाशकांच्या बाजूने जे सांगितले जाते ते सगळेच टाकाऊ नाही. परीक्षणाची व्यवस्था पाहणे, संपादन करणे, खोटेपणा हुडकणे, जुने अंक जपणे यांस खर्च येतो. लहान वैद्यकीय संस्थांची नियतकालिके तर वर्गणीवरच तगतात. ती बंद पडावीत असे कोणी म्हणणार नाही. पण खर्च येतो म्हणून कितीही किंमत घ्यावी, हे त्यातून सिद्ध होत नाही. कोविडच्या साथीत, २०२० साली, मोठ्या प्रकाशकांनी त्या रोगावरचे निबंध आपण होऊन खुले केले. ते योग्यच झाले. परंतु साथ असताना जे ज्ञान कोंडणे अनुचित ठरते, ते एरवी कोंडणे उचित कसे? क्षयाने भारतात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे मरतात. क्षय ही जुनी, सवयीची साथ आहे, एवढाच फरक.

खरी अडचण निराळीच आहे आणि खुलेपणाच्या पुरस्कर्त्यांना ती उशिरा उमगली. वाचकाकडून पैसे घेता येत नसतील तर ते लेखकाकडून घ्यावेत, अशी शक्कल प्रकाशकांनी काढली. ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकाने २०२१ पासून निबंध खुला करण्याचा दर ९,५०० युरो ठेवला. त्या वेळच्या हिशेबाने हे आठ लाखांहून अधिक रुपये होतात. भारतात कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये छात्रवृत्ती मिळते. म्हणजे एका निबंधाचे दार उघडण्यास त्याची जवळपास दोन वर्षांची छात्रवृत्ती खर्ची पडेल. लायबेरियातील डॉक्टरला पूर्वी वाचणे परवडत नव्हते. या रीतीने त्याला लिहिणेही परवडणार नाही. खुलेपणाचा हा एक मार्ग झाला, तो एकमेव मार्ग नव्हे. स्वीकारलेल्या निबंधाचे हस्तलिखित सार्वजनिक भांडारात ठेवणे हा दुसरा मार्ग आणि त्याला भांडार सांभाळण्यापलीकडे फारसा खर्च नाही. अमेरिकेच्या दंडकाचा मूळ आधार हाच आहे.

भारताने तिसराच मार्ग धरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि त्यांचा लाभ घेणाऱ्या ६,३०० सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, असा तिचा पसारा आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. आजवर जी नियतकालिके मोजक्या प्रतिष्ठित संस्थांतच दिसत, ती आता जिल्ह्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही वाचता येतील. साऱ्या देशाने मिळून घासाघीस करणे हेही शहाणपणाचे आहे.

तरीही ही वर्गणीच आहे. कुलूप तसेच राहिले. सरकारने किल्ल्या अधिक वाटल्या, इतकेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर, खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी, आपल्या मुलाच्या दुर्मिळ आजाराविषयी वाचू पाहणारा शिक्षक किंवा कारकून हे सारे या योजनेच्या बाहेर आहेत. ते कर भरतात. किल्ली मात्र त्यांना नाही. त्यांच्यापैकी अनेकांची आजवरची सोय ‘सायहब’ या बेकायदा भांडारावर होत असे. एल्सेव्हिअर, वायली व अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते देशात बंद करण्याचा आदेश झाला. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नसेल. पण चोरवाट बुजविताना राजमार्ग खुला करण्याची जबाबदारी मागे उरतेच.

वस्तुतः हा राजमार्ग आखलेला आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्येच संयुक्त धोरण जाहीर केले. या विभागांच्या पैशाने झालेल्या संशोधनाचे निबंध सार्वजनिक भांडारात ठेवावेत, असे त्यात म्हटले आहे. धोरण कागदावर नेटके आहे. त्याच्या पालनाचा आग्रह मात्र धरला गेला नाही. अमेरिकेत २००५ साली विनंतीचे जे झाले, तेच येथे सूचनेचे झाले. हप्ता अडविण्याचे हत्यार भारत सरकारच्या हाती नाही असे थोडेच आहे? अनुदानाचा विनियोग-दाखला वेळेवर आला नाही तर हप्ता अडतो, हा अनुभव देशातील प्रत्येक संशोधकाला आहे. त्याच दाखल्यासोबत निबंधाचा भांडारातील क्रमांक मागितला, तर नवा कायदा करावा लागणार नाही.

या देशाला ज्ञान खुले ठेवण्याची परंपरा नाही असेही नव्हे. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवण्याऐवजी घरीच औषधे दिली तरी तो तितकाच बरा होतो, हे मद्रास येथील केंद्राने सिद्ध केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त, म्हणजे सार्वजनिक पैशाचा, उपक्रम होता. त्याचा निष्कर्ष १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वतःच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याने जगभरची उपचारपद्धती बदलली. मिरज-पाचगणीच्या आरोग्यधामांचे दिवसही त्याच वाटेने सरले. तो निबंध आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे १९५५ पासूनचे नियतकालिकही या शतकाच्या आरंभी, पाश्चात्त्य प्रकाशक खुलेपणाला विरोध करीत होते त्याच काळात, वाचकाकडून वा लेखकाकडून पैसे न घेता संगणकावर खुले झाले होते. त्याला साह्य करणारी ‘मेडनो’ ही मुंबईची प्रकाशनसंस्था पुढे अशी अनेक नियतकालिके चालवू लागली. २०११ साली ती ‘वोल्टर्स क्लूवर’ या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. देशात उभे राहिलेले साधन टिकविण्याचे महत्त्व तेव्हा कोणाला वाटले नाही.

निबंध खुले झाले तरी ते इंग्रजीतच असणार आणि सामान्य वाचकाला त्यांचा अर्थ लागणे कठीण, हा आक्षेप खरा आहे. पण ते मराठीत समजावून सांगणारा डॉक्टर, शिक्षक वा पत्रकार यांच्या हाती मूळ निबंध आधी पडावयास हवा.

सहा हजार कोटींच्या कराराची मुदत २०२७ अखेर संपते. त्याच्या नूतनीकरणाची बोलणी त्याआधीच सुरू होतील आणि प्रकाशक वाढीव दर घेऊन येतील. भारतीय करदात्याच्या पैशाने झालेल्या प्रत्येक संशोधनाचे हस्तलिखित प्रसिद्धीच्या दिवशीच सार्वजनिक भांडारात जाईल, या अटीला प्रकाशकाची हरकत नसावी, एवढे एक कलम त्या करारात घालून घेता येण्याजोगे आहे. ते घालण्याची वेळ दर ठरण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे.