#धागा गणेशखिंड: लाटसाहेबांची कोठी मुलांची निसर्गशाळा व्हावी

१/ पुणे विद्यापीठाची मनोरा असलेली मुख्य इमारत म्हणजे मूळची मुंबईच्या गव्हर्नरांची पावसाळी कोठी. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा गणेशखिंडीत, असा लाटसाहेबांचा वार्षिक क्रम असे.

२/ गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात सुरू झालेले बांधकाम १८७१ मध्ये पूर्ण झाले. दरम्यान अमेरिकन यादवी संपून कापसाचे भाव कोसळले होते. अशा मंदीतील या उधळपट्टीवर टीकाही झाली.

३/ १८७३ मध्ये गणेशखिंडीतच वनस्पती उद्यान उभे राहिले. 'गार्डनिंग इन इंडिया'चे लेखक जी. एम. वुड्रो त्याचे अधीक्षक होते. पुढे तेथे फळझाडांचे संशोधन रुजले. २०२० मध्ये हे उद्यान जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाले.

४/ प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री याच कोठीतील राणीच्या हीरक महोत्सवातून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

५/ आज कोठीतील विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, तर उद्यान ज्या कृषी विद्यापीठाकडे आहे त्याला जोतीरावांचे. हा योगायोग असेल. परंतु त्यातून एक जबाबदारी येते. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी जंगलखात्याने गायराने बळकावल्याची तक्रार १८८३ मध्येच मांडली होती. निसर्ग कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता.

६/ 'निसर्गशिक्षणात इतिहास कशाला?' असा आक्षेप घेतला जातो. पण झाडाचे शास्त्रीय नाव शिकवायचे आणि ती जमीन कोणासाठी राखली, कोणाला बंद झाली हे वगळायचे, तर ते शिक्षण अर्धेच राहते. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मुलांना तर हा प्रश्न रोज भेटतो. त्यांच्या आजोबांची शिवारे आज औद्योगिक भूखंड आहेत.

७/ म्हणून कोठी आणि उद्यान यांना जोडणारी, शालेय मुलांसाठी नियमित आणि विनामूल्य निसर्गफेरी हवी. झाडांवर मराठी पाट्या हव्यात: नाव, मूळ प्रदेश, ते येथे कसे आले. चिंचवडहून येणाऱ्या मुलांना सावली मोजता यावी, पाने ओळखता यावीत आणि चापेकरांचा रस्ताही दाखवला जावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन्ही विद्यापीठांनी एकत्र बसून आठवड्यातला एक दिवस ठरवला, तरी आरंभ होईल.