एका मुलीसाठी थांबलेली गाडी

जपानची एक गोष्ट आपल्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी येतेच. दूर डोंगरात, बर्फात एक छोटे स्टेशन. तिथे चढणारी प्रवासी एकच, शाळेत जाणारी मुलगी. रेल्वे कंपनी स्टेशन बंद करणार होती; पण मुलीचे कळल्यावर तिची शाळा पूर्ण होईपर्यंत गाडी चालू ठेवायची, आणि तीही तिच्या शाळेच्या वेळेवर, असे कंपनीने ठरवले. खाली हात जोडलेले चिन्ह, आणि शेवटची ओळ बहुधा आपल्या सरकारला टोमणा मारणारी.

काही वाचक भगिनींनी ही गोष्ट आमच्याकडेही पाठवली, "मुलींच्या शिक्षणावर आहे, छापा" म्हणून. छापण्याआधी आम्ही तिच्या मागे गेलो. बातमी आली की आधी शहानिशा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. वाईट बातमी आली की निदान चार जण तरी "खरे आहे का?" असे विचारतात. गोड बातमीला कोणी विचारत नाही. ती सरळ पुढे जाते.

तर, गोष्ट होक्काइडोची. हे जपानचे उत्तरेकडचे मोठे बेट. तिथे आसाहिकावा शहरापासून आबाशिरीपर्यंत डोंगर ओलांडून जाणारी सेकिहोकू नावाची रेल्वे आहे. या मार्गावर शिराताकी हे गाव, आणि त्याच्या आसपास तीन छोटी स्टेशने होती : कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी, शिमो-शिराताकी. म्हणजे वरचे, जुने आणि खालचे शिराताकी. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असते, तसेच.

जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने फेसबुकवर ही गोष्ट टाकली आणि ती जगभर गेली. त्यात नाव होते कामी-शिराताकीचे. प्रत्यक्षात ती मुलगी क्यू-शिराताकीहून गाडी पकडत असे. स्टेशनच चुकले होते. तिचे नाव आम्ही लिहीत नाही. ते जगभर फिरवताना तिला कोणी विचारले नव्हते.

गाडीही फक्त तिच्यासाठी निघत नव्हती. ती नेहमीची प्रवासी गाडी होती. वाटेतल्या स्टेशनांवरची माणसे घेत ती एनगारू गावाकडे जाई. क्यू-शिराताकीला एनगारूकडे जाणारी गाडी सकाळी एकच थांबे. ती चुकली की त्या दिवसाची शाळा गेली. परतीच्या तीन होत्या. स्टेशन बंद झाले २६ मार्च २०१६ रोजी. जपानमध्ये रेल्वेचे नवे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये लागू होते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. त्या दिवशी फक्त हे एक स्टेशन बंद झाले नाही, तिन्ही जोडस्टेशने एकदम बंद झाली. आणि आणखी एक. त्याच्याकडे पुढे येऊ.

मग गोष्टीत खरे काय उरते? एक मुलगी रोज पहाटे उठून शाळेकडे जाणारी दिवसातली एकुलती एक गाडी पकडत होती आणि तिने शाळा पूर्ण केली. आमच्या मते एवढे पुरेसे आहे. फॉरवर्डमध्ये कौतुक कंपनीचे होते. पहाटे उठत होती ती मुलगी.

स्टेशनाचा इतिहास तर फॉरवर्डपेक्षा कितीतरी चांगला आहे. शिराताकीच्या जंगलात १९१२ साली दक्षिणेकडच्या किशू भागातून पन्नासहून अधिक कुटुंबे वस्ती करायला आली. त्यांचा म्होरक्या होता उएशिबा मोरिहेई, तोच, ज्याने पुढे आयकिडो ही युद्धकला घडवली. आपल्यापैकी ज्यांची मुले कराटेच्या वर्गाला जातात त्यांच्या कानावर हे नाव आले असेल. किशूचा समुद्रकिनारा उबदार, तिथे संत्री पिकतात. ती माणसे इथे येऊन उणे तापमानात झाडे तोडून शेते काढू लागली. १९१७ मध्ये मोठी आग लागली आणि वस्ती जळाली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. एनगारूच्या बाजूने रेल्वे शिराताकीपर्यंत पोचली १९२९ मध्ये, आणि डोंगरातला बोगदा पुरा होऊन पलीकडची बाजू जोडली गेली १ ऑक्टोबर १९३२ रोजी. कामी-शिराताकी स्टेशन त्याच साली झाले.

क्यू-शिराताकी मात्र तेव्हा नव्हते. ते आले महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, आणि स्टेशन म्हणून नव्हे, तात्पुरता थांबा म्हणून. असे थांबे होक्काइडोत बरेच होते. स्थानिक रेल्वे कार्यालय आपल्या अधिकारात ते सुरू करी, देशाच्या छापील वेळापत्रकात त्यांचे नाव नसे, आणि तिकीटही शेजारच्या स्टेशनाच्या हिशेबाने घ्यावे लागे. एस.टी.च्या विनंती थांब्याची आठवण व्हावी असा प्रकार. दूध, भाजी, आजारी माणूस, शाळेची मुले, यांच्यासाठी गाडी क्षणभर उभी राही. सरकारी रेल्वेचे खाजगीकरण झाले तेव्हा, १ एप्रिल १९८७ रोजी, त्याला रीतसर स्टेशनाचा दर्जा मिळाला. म्हणजे चाळीस वर्षे ते कागदोपत्री स्टेशन नव्हतेच, आणि गाडी मात्र थांबत होती. दर्जा मिळाल्यावर एकोणतीस वर्षांत बंद पडले. माणसे शहराकडे गेली, मोटारी आल्या, मुले कमी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये होक्काइडोच्या रेल्वे कंपनीने जाहीर केले की आपल्या जवळजवळ निम्म्या मार्गांचा भार आता आपण एकट्याने पेलू शकत नाही. त्या यादीत सेकिहोकू मार्गही होता.

आता त्या चौथ्या स्टेशनाकडे. त्याचे नाव कानेहाना. एनगारूला गाडी आपली दिशा उलटी करते आणि पुढे डोंगरात शिरते. तिथे जोमोन नावाचा बोगदा आहे, ५०७ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पलीकडे कानेहाना. २६ मार्च २०१६ लाच तेही प्रवाशांसाठी बंद झाले. त्याच्यावर कोणी फॉरवर्ड लिहिले नाही.

हा बोगदा १९१२ ते १९१४ या काळात खोदला गेला, तो वेठीच्या मजुरांकडून. त्यांना कामाचे आमिष दाखवून आणत, थोडी उचल देत, आणि मग ती फेडण्याच्या नावाखाली कोंडून ठेवत. त्या खोल्यांना ताकोबेया, म्हणजे ऑक्टोपसची खोली, म्हणत. ऑक्टोपस मडक्यात शिरला की बाहेर येत नाही, म्हणून ते नाव, असे सांगतात. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, इथे मजुरी तर सोडाच, माणूसच परत जात नसे. आजाराने आणि मारहाणीने कित्येक मेले आणि रुळांच्या आसपास पुरले गेले. बोगद्याच्या भिंतीतही माणसे पुरली आहेत असे गावातली म्हातारी माणसे सांगत. लोक त्याला भुताची गोष्ट समजत.

१९६८ मध्ये मोठा भूकंप झाला आणि बोगद्याच्या भिंतीला तडे गेले. १९७० मध्ये दुरुस्तीसाठी विटा काढल्या तेव्हा आत मानवी सांगाडा सापडला. म्हाताऱ्यांची गोष्ट खरी होती. त्यानंतर परिसरातील लोकांनी शोध घेतला, हाडे गोळा केली, आणि १९८० मध्ये कानेहानाजवळ त्या मजुरांचे स्मारक उभे केले.

आम्हाला राहून राहून हे वाटते की एकाच रेल्वेच्या दोन गोष्टी आहेत. एक सुंदर म्हणून जगाने तपासली नाही. दुसरी भयंकर म्हणून लोकांनी जवळजवळ साठ वर्षे ऐकून सोडून दिली. ऐकलेले सगळेच पुढे सांगत सुटणे हेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पण ऐकलेले सगळेच भाकडकथा म्हणून टाकून देणेही शहानिशा नव्हे. शहानिशा म्हणजे भिंतीच्या विटा काढून बघणे.

ज्या भगिनींनी गोष्ट पाठवली त्यांचे आम्ही आभारी आहोत; त्यांच्यामुळे एवढे वाचायला मिळाले. मुलींना गोष्ट जरूर सांगा, फक्त कंपनी वगळून सांगा. थोड्या मोठ्या मुलांना बोगद्याचीही सांगा.

शिराताकीचे मुख्य स्टेशन अजून चालू आहे. कामी-शिराताकी गेल्यापासून पश्चिमेला कामिकावा आणि शिराताकी यांच्यामध्ये ३७.३ किलोमीटर एकही स्टेशन नाही. बुलेट ट्रेनचे मार्ग सोडले तर लागोपाठच्या दोन स्टेशनांमधले जपानच्या रेल्वेतले हे सर्वात मोठे अंतर. क्यू-शिराताकीवरून गाडी आता न थांबता जाते.