पकड शिकविणाऱ्या शैलजाबाई

अमेरिकेंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचा संबंध बेताचाच असतो. लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें आणि प्रतिपक्षानें धांवणाऱ्यास खालीं पाडावयाचें, असें त्याचें एकंदर स्वरूप. मैदानावर दर पक्षाचे गडी अकरा. परंतु चाल करून जाणारे अकरा निराळे व अडविणारे अकरा निराळे. ओघानेंच त्यांचे गुरूही निराळे. मुख्य शिक्षकाच्या हाताखालीं केवळ बचाव शिकविणारा एक स्वतंत्र शिक्षक असतो, आणि तेवढ्या एका विद्येवर त्याला जन्मभर मानानें पोट भरतां येतें.

बडी रायन हें या पंथांतील एक मोठें नांव. कोरियाच्या युद्धांत शिपाईगिरी करून आलेले हे गृहस्थ १९७८ पासून शिकागोच्या बेअर्स संघाचा बचाव शिकवीत होते. मुख्य शिक्षकाची उचलबांगडी होणार असा रंग दिसूं लागतांच बचावाच्या गड्यांनीं संघाचे वृद्ध मालक जॉर्ज हालस यांस पत्र लिहून, आमचे रायन तेवढे काढूं नका, अशी विनंति केली. आणि मालकांनीं ती मान्य केली. १९८६ च्या जानेवारींत त्या संघानें अंतिम सामना ४६-१० असा जिंकला, तेव्हां गड्यांनीं मुख्य शिक्षकाबरोबर रायन यांसही खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलें. पुढें मुख्य शिक्षकाचें पद त्यांस दोन ठिकाणीं लाभलें, पण त्या पदावरून बादफेरीचा एकही सामना त्यांना जिंकतां आला नाहीं. रेक्स व रॉब हे त्यांचे जुळे मुलगे. दोघेही बचावाचेच शिक्षक निघाले. आपल्याकडे एखाद्या घराण्यांत याज्ञिकी चालावी तसा त्या घरांत बचाव चालला म्हणावयाचा.

खोपोलींत बसून मास्तर शिकागोच्या गोष्टी कशाला सांगतात, असें वाचक म्हणतील. सांगण्याचें कारण इतकेंच कीं, अडविण्याची विद्या आमच्या अंगणांतील आहे, आणि तिचा मान मात्र आम्ही कधीं राखला नाहीं. खालापूर-कर्जतच्या गांवोगांवीं भाताची झोडणी आटोपली कीं मंडळांचे कबड्डीचे सामने सुरू होतात. दिव्यांच्या झगझगाटांत गर्दी लोटते, आणि ओरडा होतो तो चढाई करणाऱ्याच्या नांवाचा. कोपऱ्यांत वांकून, डोळा फक्त समोरच्याच्या पावलावर ठेवून उभा असलेला गडी कोणाच्या लक्षांतही नसतो.

वास्तविक मौज त्याच्यापाशीं आहे. चढाईला आलेल्या एकट्याला तीस सेकंदांचा अवधि. समोर सात जण. सात विरुद्ध एक म्हणजे काम सोपें, असें खेळ न खेळलेल्यास वाटतें. परंतु एकानें अवेळीं झेंप घेतली कीं साखळी तुटते, आणि स्पर्श करून मध्यरेषेकडे निसटणारा एका दमांत तिघांना घेऊन जातो. कोपरारक्षकानें घोटा धरावा, त्याच क्षणीं शेजाऱ्यानें कंबर धरावी, मधल्यानें परतीची वाट अडवावी, आणि हें सारें कोणी कोणास न सांगतां घडावें. बचावांत तीन किंवा त्यांहून कमी गडी उरले असतां केलेल्या पकडीस दोन गुण मिळतात, त्यास आमचे वृत्तपत्रकार अव्वल पकड म्हणतात. चक्रव्यूहाची कथा आठवावी. आंत शिरणें अभिमन्यूस येत होतें, बाहेर पडणें येत नव्हतें. आणि मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथानें दारांतच रोखलें. कबड्डींतील चढाई ही रोजची अभिमन्यूची कसोटी होय, आणि व्यूह रचणारा तो खरा शिक्षक.

असा व्यूह परमुलुखांत जाऊन रचणाऱ्या एका महाराष्ट्रीय बाईंची हकीकत आज सांगावयाची आहे. शैलजा जैन यांचें मूळ नागपूरकडचें, पण कार्यक्षेत्र नाशिक. तेथें त्यांनीं कित्येक वर्षें मुलींना कबड्डी शिकविली. हें वाक्य लिहावयास दोन क्षण लागतात. करावयास काय लागलें असेल याची कल्पना आपल्या घरांतील वडील माणसांनींच करावी. मुलगी गाऊं लागली तर आपण पेटी आणून देतों, पाठांतरांत पहिली आली तर पेढे वांटतों. पण ती मातींत लोळून, गुडघे फोडून घेऊन, चार जणींच्या अंगाखालून उठते म्हटल्यावर आजीबाईंपासून काकांपर्यंत सर्वांचें मत एकच असतें. शिक्षिकेला आधीं मुलीची पकड शिकवावी लागत नाहीं, आधीं घरच्यांची पकड सोडवावी लागते.

भारताच्या महिला संघाचें शिक्षकपद आपणांस मिळावें अशी शैलजाबाईंची इच्छा होती. तें मिळालें नाहीं, आणि ही खंत त्यांनीं पुढें वृत्तपत्रकारांपाशीं मोकळेपणानें बोलूनही दाखविली. नोकरींतून निवृत्त झाल्यावर, साठीच्या घरांत, ज्या वयांत आमच्याकडील स्त्रिया नातवंडांचीं दुपटीं शिवतात किंवा काशीयात्रेचा बेत करतात, त्या वयांत इराणच्या महिला संघास शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें. ही १९१७ ची नव्हे, २०१७ च्या सुमाराची गोष्ट. तरीही धाडस लहान नव्हे. स्वतः शुद्ध शाकाहारी, मुलूख मांसाहारी, भाषा अनोळखी, डोकें झांकून वावरण्याचा तेथील दंडक. त्यांनीं फारसी शिकावयास घेतली, आणि मुलींच्या रोजच्या पाठांत योगासनें व प्राणायाम यांची भर घातली. ज्या खेळांत दम हाच प्राण, त्यांत प्राणायाम असावा हें इतकें उघड आहे कीं, आमच्याकडे तें सर्रास कां होत नाहीं, याचेंच आश्चर्य वाटतें.

फारसीचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर करतों. आयुष्य व्याकरणांत गेलेल्या माणसास तें क्षम्य असावें. फारसींत हात म्हणजे दस्त, तो आपला हस्त. पाय तो पा, म्हणजे पाद. गुडघा तो ज़ानू, म्हणजे जानु. बाजू म्हणजे बाहु. पांच ते पंज. आणि कंबर हा शब्द तर मराठीनें फारसीकडूनच उचललेला. कुस्ती व पहलवान हेही तिकडचेच, मैदानही तिकडचेंच. तात्पर्य, कंबर धर, जानु धर, असें ज्या बाईंना शिकवावयाचें त्यांना शब्दांचें वांधें वाटतें तितकें नसावें. शिवाय इराणी लोकांच्या रक्तांत कुस्ती आहे. प्रतिपक्ष्याचा पाय कोठें उचलतो व तोल केव्हां जातो हें जाणणाऱ्या लोकांना पकड शिकविणें म्हणजे पाटी आधींच घोटलेल्या मुलास अक्षर शिकविणें. त्यांच्या पुरुषांतील फझल अत्राचली हा डाव्या कोपऱ्यांतील गडी आमच्याकडील प्रो कबड्डीमध्यें मुंबईच्या संघाकडून खेळूं लागला, आणि पकडीच्या गुणांत त्यानें आमच्या सर्व गड्यांना मागें टाकलें.

इराणच्या मुली कांहीं नवख्या नव्हत्या. २०१२ सालीं पाटण्यास झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत, आणि २०१४ सालीं इंचिऑन येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत, दोन्ही वेळां त्या शेवटपर्यंत येऊन भारतापुढें हरल्या होत्या. इंचिऑनला ३१-२१, म्हणजे दहा गुणांचें अंतर होतें. तें तोडणें हें शैलजाबाईंचें काम.

२०१८ च्या ऑगस्टमध्यें जकार्ता येथें त्याचा निकाल लागला. १९९० पासून आशियाई स्पर्धेंतील पुरुषांचें सुवर्णपदक भारतानें कधीं सोडलें नव्हतें. २३ तारखेस उपांत्य सामन्यांत इराणनें आमच्या पुरुषांना २७-१८ असें हरविलें. दुसऱ्या दिवशीं महिलांचा अंतिम सामना झाला. आरंभीं आमच्या मुली पुढें होत्या; उत्तरार्धांत इराणी मुलींनीं गाडी अडविली ती अडविलीच. निकाल २७-२४. आमच्या मुलींचे अश्रु सर्वांनीं पाहिले. त्यांच्या समोर, विजयी संघाबरोबर, एक मराठी बोलणारी बाई उभी होती.

त्या संध्याकाळीं आमच्या कट्ट्यावर घरभेदी हा शब्द उच्चारला गेला. बिभीषणाचेंही नांव निघालें. बोलणारे सज्जन होते, आणि त्यांचें दुःख खरें होतें. परंतु बिभीषणानें घरांतील मर्म शत्रूस सांगितलें, येथें मर्म कोणतें? कबड्डी आम्हींच जगापुढें नेली. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनला ती करून दाखविली, ती काय लपवून ठेवण्याकरितां? आशियाई स्पर्धेंत तिचा समावेश व्हावा म्हणून आमच्याच संघटकांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. दुसऱ्यानें शिकावें पण जिंकूं नये, असा व्यवहार शिकवणींत चालत नाहीं. द्रोणाचार्यांचा दाखला अधिक जवळचा. त्यांनींही आपल्या आवडत्या शिष्यांविरुद्ध व्यूह रचला, आणि आमचें शासन आजही क्रीडाशिक्षकांना पुरस्कार देतें तो त्यांच्याच नांवाचा. मात्र द्रोण स्वतः शस्त्र घेऊन उभे राहिले. शैलजाबाईंनीं फक्त शिकविलें. वर्गांत बसलेल्या मुलाचें कुळ व मुलूख पाहून जो मास्तर हातचें राखून शिकवितो, त्याला मास्तर म्हणण्यास निदान मी तयार नाहीं.

एक गोष्ट मात्र खटकते. आम्हांस त्या बाईंचें नांव कळलें तें आम्ही हरल्यावर. नाशिकच्या मैदानावर त्या शिकवीत होत्या तीं सारीं वर्षें हें नांव आमच्या घरांत कधीं निघालें नव्हतें; चढाया करणाऱ्या मुलांचीं चित्रें मात्र नातवाच्या कपाटावर चिकटविलेलीं होतीं.

पुढची स्पर्धा चीनमधील हांगचौ येथें २०२३ सालीं झाली. उपांत्य सामन्यांत इराणच्या मुलींना तैवानच्या मुलींनीं हरविलें, आणि ७ ऑक्टोबरला त्याच तैवानी मुली अंतिम सामन्यांत भारतापुढें उभ्या राहिल्या. सुवर्णपदक परत आमच्याकडे आलें, निकाल २६-२५.