डब्यासाठी वळण नव्हे, वळणासाठी डबा



ईदी जमली आणि वार्षिक परीक्षा संपली की मुलांच्या मनात मोठ्या खरेद्या घोळू लागतात. सायकल, क्रिकेटचे किट आणि अलीकडे विजेवर धावणारी, रुळांसकट मिळणारी छोटी रेल्वे. ती घ्यावी की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण घ्यायचे ठरलेच तर डबे कोणते घ्यावेत, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत, कारण पैसा वाया जातो तो बहुधा इथेच.

होते असे की इंजिन आणि रूळ एका पेटीत येतात. त्यातले दोन-तीन आखूड डबे काही दिवस छान धावतात. मग मुलाला खरी एक्स्प्रेस हवी होते. घरचे लोक हौसेने लांब, देखणे डबे आणून देतात आणि पहिल्याच वळणावर ते घसरतात. अब्बू म्हणतात, ‘तुला नीट जोडता येत नाही.’ मुलगा हिरमुसतो आणि गाडी कपाटावर जाते. दोष मुलाचा नसतो, डब्यांचाही नसतो. डबा आणि वळण यांचे जमत नाही, एवढेच.

ते का जमत नाही, हे आधी पाहू. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, पण बोगी म्हणजे खरे तर डब्याखालचा चार चाकांचा फिरता गाडा. एका डब्याखाली असे दोन गाडे असतात. वळणावर हे दोन गाडे रुळांबरोबर वळतात, डबा मात्र सरळच राहतो. त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो आणि दोन्ही टोके बाहेर फेकली जातात. डबा जितका लांब आणि वळण जितके तंग, तितकी ही ओढाताण जास्त.

आता आकडे घेऊ. घरगुती गाड्यांमध्ये एचओ हे प्रमाण सर्वांत जास्त चालते. त्यात खऱ्या वस्तूचा ८७वा भाग बनवतात आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. असते. नागपूर स्टेशनावर दिसणारे दोन प्रकारचे डबे मुले रंगावरून ओळखतात. जुना, बहुधा निळा, तो पेरांबूरच्या कारखान्याच्या धाटणीचा आयसीएफ डबा. नवा, बहुधा लाल, तो जर्मन धाटणीचा एलएचबी. आयसीएफ डब्याचा सांगाडा सुमारे २१.३४ मीटर लांब, म्हणजे एचओ प्रमाणात २४५ मि.मी. एलएचबीचा २३.५४ मीटर, म्हणजे २७० मि.मी. गंमत अशी की दोघांच्याही दोन बोगींमधले अंतर जवळजवळ सारखेच, एचओत १७० मि.मी.च्या आसपास. म्हणजे एलएचबीची वाढलेली सगळी लांबी टोकांना गेली. आयसीएफचे टोक बोगीच्या मध्यापासून ३७ मि.मी. पुढे येते, तर एलएचबीचे ५० मि.मी.

सुरुवातीच्या पेट्यांमधून ४५७ मि.मी., म्हणजे १८ इंच त्रिज्येचे वळण पुष्कळदा मिळते. त्यावर दोन्ही डब्यांचे पोट सुमारे ८ मि.मी. आत झुकते. पण आयसीएफचे टोक साडेआठ मि.मी. बाहेर जाते आणि एलएचबीचे तब्बल १२ मि.मी. याच वळणाला लागून उलट दिशेचे वळण जोडले, तर एका डब्याचे टोक डावीकडे आणि पुढच्याचे उजवीकडे फेकले जाते. कपलिंग डब्याच्या सांगाड्याला जोडलेले असेल तर ते हलक्या डब्याला रुळांवरून ओढून काढते. म्हणून दोन उलट वळणांच्या मध्ये निदान एका डब्याच्या लांबीइतका सरळ रूळ ठेवावा.

हिशेब करण्याची आवड असलेल्या मुला-मुलींसाठी सूत्र सोपे आहे. दोन बोगींमधल्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. आलेले उत्तर म्हणजे डब्याचे पोट आत किती झुकेल ते. टोकांसाठी, डब्याच्या लांबीच्या वर्गातून बोगींमधल्या अंतराचा वर्ग वजा करा आणि पुन्हा त्रिज्येच्या आठपटीने भागा. नववीच्या मुलीला हे सहज जमावे.

ज्यांना सूत्र नको, त्यांच्यासाठी हौशी मंडळींनी अनुभवातून बसवलेला एक अंदाज आहे. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुप्पट असेल तर काही डबे कसेबसे निघतात. अडीचपट असेल आणि सगळे डबे साधारण एकाच लांबीचे असतील तर गाडी बऱ्यापैकी भरवशाने धावते. तिप्पट असेल तर काळजी नको. आता आपल्या घराकडे पाहा. ८ बाय ४ फुटांचे प्लायवूड हीच बहुतेकांची कमाल जागा. ४ फुटांची निम्मी रुंदी ६१० मि.मी. काठाला ५० मि.मी. सोडले तर वळणाला ५६० उरतात. २४५ मि.मी.च्या आयसीएफ डब्याची अडीचपट होते ६१२. म्हणजे पूर्ण प्रमाणातला एक्स्प्रेसचा डबा या फळीवर भरवशाने धावणार नाही. २७० मि.मी.चा एलएचबी तर विसराच. ५६० ला तीनने भागले की साधारण १८७ मि.मी. येतात. या लांबीच्या आतला डबा घेतला तर निश्चिंत राहावे.

मग वाटा तीन. पहिली, मुद्दाम आखूड केलेले डबे. युरोपातल्या मोठ्या कंपन्यासुद्धा हे करतात. तिथला २६.४ मीटरचा डबा एचओत खरे तर ३०३ मि.मी. व्हायला हवा, पण लहान घरांसाठी तो २८२ किंवा २६४ मि.मी.चाही बनवला जातो. खिडक्या, दारे तशीच, फक्त लांबी चोरलेली. दुसरी वाट, लहान प्रमाण. एन प्रमाणात १६०वा भाग बनवतात. त्यात आयसीएफ डबा १३३ मि.मी.चा होतो आणि ४०० मि.मी.च्या वळणावर सुखाने फिरतो. तिसरी वाट आम्हाला सर्वांत आवडते. ती आपल्याच मातीतली आहे, ती म्हणजे नॅरोगेज.

भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी चालत नाही. एचओ प्रमाणात ती २ मीटर होते. म्हणजे खरेपणा जपायचा तर नुसता वळसा घालायला ४ मीटर रुंदीची खोली हवी. मोमीनपुऱ्यातल्या किंवा जाफरनगरातल्या कोणत्या घरात ती रिकामी सापडेल? पण ७६२ मि.मी.च्या नॅरोगेजला तोच नियम ४४ मीटरपर्यंतचे वळण चालवून घेतो. त्याला ८७ ने भागा. ५०६ मि.मी.! आपल्या ४ फुटी फळीवर हे वळण कुठेही लांबी न चोरता बसते. आणि ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मि.मी. येतात. एन प्रमाणाचे रूळ ९ मि.मी.चे असतात, तेच इथे चालतात. डब्यांचे सांगाडे जाड कार्डशीटचे घरीच करता येतात, विकत घ्यायच्या त्या फक्त चाकांच्या बोगी.

वळण अवघड असेल तर डबा लहान करावा, ही अक्कल नवी नाही. नेरळहून माथेरानला जाणारी गाडी मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिली. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावू लागली. डोंगर बदलणे कुणाच्या हाती नव्हते. म्हणून त्यांनी रूळ अवघ्या ६१० मि.मी.चे ठेवले आणि डबे लहान केले. इंजिनेही अशी मागवली की ज्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे सरकू शकतील. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या बापलेकांकडून आपल्या घरातल्या बापलेकांनी शिकण्यासारखे हेच आहे.

आणि नागपूरकरांना तर माथेरानपर्यंतही जायला नको. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ पर्यंत आपल्या शहरातून सुटत होती आणि नागभीडची २०१९ पर्यंत. सातपुड्याकडच्या लग्नांना, नानीच्या गावाला आपल्यापैकी कित्येक जण त्याच गाडीने गेले. ते रूळ आता ब्रॉडगेजसाठी उखडले गेले. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला ती गाडी आठवणार नाही. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथे मुलांना न्या आणि डब्याच्या खिडक्या मोजायला, बोगी कुठे बसते ते पाहायला सांगा. घरी आल्यावर नानांना विचारू द्या की आत बाक कसे होते, पावसात खिडकी कशी बंद करायचे. असा डबा बाजारात मिळत नाही, तो घरातच तयार होतो. पुण्याला जाणे झाले तर कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालयही दाखवा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे.

कोणताही डबा विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा मात्र जरूर करा. वर्तमानपत्रावर दोरी आणि पेन्सिलने आपल्या वळणाची रेषा काढा. पुठ्ठ्याची पट्टी डब्याच्या लांबी-रुंदीइतकी कापा. आयसीएफसाठी २४५ बाय ३७ मि.मी. तिच्या मधोमध, १७० मि.मी. अंतरावर दोन भोके पाडा. ही दोन्ही भोके रेषेवर ठेवून पट्टी सरकवत न्या आणि कोपरे कुठवर जातात, पोट कुठवर येते, तिथे खुणा करा. या खुणांच्या आत फलाट, बोगद्याची भिंत किंवा दुसऱ्या रुळावरची गाडी येत असेल तर तो डबा तुमच्या घरचा नाही. दुकानात डबा हातात घेऊन बोगी बोटाने फिरवून पाहा. ४५७ मि.मी.च्या वळणाला ती प्रत्येक बाजूला साधारण ११ अंश फिरायला हवी. पायऱ्यांना किंवा खालच्या टाकीला अडत असेल तर बिल करू नका. आणि एकदम सहा डबे न घेता आधी एकच घ्या. तो आठवडाभर धावू द्या, मग बाकीचे.

पुठ्ठा आणि दोरी घरातच असते, डब्यांना मात्र चांगलेच पैसे पडतात. खेळावर खर्च करणे म्हणजे इसराफ नव्हे, न मोजता खर्च करणे म्हणजे इसराफ. ईदीच्या पैशातून मूल गाडीबरोबर हेही शिकले की आपल्या जागेचे माप आधी घ्यावे आणि हौस त्या मापाची करावी, तर ती ईदी सत्कारणी लागली असे आम्ही समजू.