शाळेत संडास आहे. पण त्यात पाणी आहे का?

सात-आठ वर्षांच्या मुलीचं सारखं पोट दुखतं म्हणून आई दवाखान्यात येते. सोनोग्राफी करायची का, हा तिचा पहिला प्रश्न. मी आधी मुलीलाच विचारतो, "बाळा, शाळेत लघवीला जातेस का?" बहुतेक वेळा ती खाली बघत नकारार्थी मान हलवते. पाण्याची बाटलीही भरलेलीच घरी येते, कारण पाणी प्यायलं तर जावं लागेल.

यामागचं शास्त्र साधं आहे. लघवी रोज पाच-सहा तास रोखून धरली की मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे त्यांना त्रास जास्त. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठता होते, आणि मळाने भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं. अँटिबायोटिकने संसर्ग बरा होतो. पण सवय तीच राहिली तर तो परत येतो. ताप आणणारा असा संसर्ग लहान वयात वारंवार झाला, तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात.

म्हणून शाळेतला संडास हा माझ्या दृष्टीने आरोग्याचा विषय आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचं सुरक्षित पाणी त्यात बंधनकारक आहे. शाळांना तीन वर्षांची मुदत होती. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१२ मध्ये या सोयी सहा महिन्यांत करा, असं राज्यांना बजावलं. ती मुदत संपत होती तेव्हा आपला जालना जिल्हा भीषण दुष्काळात होता आणि गावं टँकरवर जगत होती. जिथे प्यायलाच पाणी नाही, तिथे संडासात कुठून येणार? खरी अडचण इथेच आहे. खोली एकदा बांधता येते, पाणी मात्र रोज लागतं.

पैशांचं गणितही बघा. समग्र शिक्षाच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये अनुदान मिळतं. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी असतात. म्हणजे अडीच हजार, महिन्याला जेमतेम दोनशे रुपये! बाकीच्यात वीजबिल, खडू, डागडुजी. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई नसतो. मग गुरुजी संडासाला कुलूप लावतात. त्यांना दोष देऊन काय होणार?

माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल वर्गाचा टीव्ही थोडा उशिरा आला तरी चालेल. आधी संडासापर्यंत नळ, छपरावर टाकी आणि रोज सफाई करणारा माणूस हवा. त्याचा पगार ग्रामपंचायतीने द्यावा. मुलं गावाचीच आहेत.

तुम्ही काय करू शकता? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभाग पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असणं आवश्यक आहे. समितीत असा किंवा नसा, एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन एवढं बघा:

- संडासाला कुलूप तर नाही ना?
- आतून कडी लागते का? मोठ्या मुली कडी नसेल तर जातच नाहीत.
- आत पाणी येतं का?
- पोषण आहाराआधी हात धुवायला साबण आहे का? नुसत्या हात धुण्याने शाळकरी मुलांतले जुलाब सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात.

जे दिसेल ते समितीच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी तक्रार विसरली जाते, लेखी राहते.

घरी मुलांना रोज विचारा, बाटली संपली का? लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप किंवा सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय पुन्हा सुरू झाली, तर लघवीची तपासणी करून घ्या. औषध मी देईन. पण ते पुन्हा पुन्हा लागू नये, याची सोय गावालाच करावी लागेल.