कुलवृत्तान्तातल्या लेकी

आपल्याकडील छापील कुलवृत्तान्तांत पुरुष पिढीनिहाय क्रमांकाने सापडतो. मुलगी मात्र बहुधा ‘अमक्यांस दिली’ येथेच संपते. त्यातून लग्नात नावही बदललेले! माहेरची गोदावरी आणि सासरची लक्ष्मी एकच, हे नातवंडांना कळावे कसे? नागपुरातल्या आमच्याच घरी आजीचे माहेरचे नाव एका जुन्या पत्रावरून, तेही योगायोगाने कळले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत निदान गाव-आडनावावरून माग काढता येतो. आता वंशावळ संगणकावर मांडणाऱ्यांनी तरी प्रत्येक स्त्रीची नोंद माहेर-सासर दोन्हीकडे, दोन्ही नावांनिशी करावी आणि एकीवरून दुसरीकडे जाण्याची वाट ठेवावी. यामुळे वंशवृक्षाचे जाळे होईल, अशी आमच्या एका काकांची तक्रार आहे. होऊ दे की!